टोमॅटोचं पान आधी उघडा

कॅनिंगचं, म्हणजे फळं-भाज्या बरण्यांत भरून उष्णतेने टिकवायच्या कामाचं, पुस्तक हातात आलं की मी प्रस्तावना वाचत नाही, फोटोही बघत नाही. मागची सूची काढते, तिच्यात टोमॅटो शोधते आणि ते पान उघडते. पुस्तक घ्यायचं की परत फळीवर ठेवायचं, हे बहुतेक वेळा तिथंच ठरतं.

माझी सगळी नोकरी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे ओळखीपाळखीत कोणी घरी बरण्या भरायचं मनावर घेतलं की ‘कुठलं पुस्तक घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मी लगेच नाव सांगत नाही. उलटतपासणी घेते: भांडं कुठलं आहे, राहता किती उंचीवर, जॅम करायचाय की भाज्या भरायच्यात, एका वेळी किती बरण्या? लोक वैतागतात, कारण त्यांना एक नाव हवं असतं. पण जॅमवाल्या माणसाला भाज्यांचं पुस्तक दिलं तर ते धूळ खात पडतं, आणि भाज्यावाल्याला जॅमचं पुस्तक दिलं तर तो त्यातली रीत भाज्यांना लावून बसतो. हे दुसरं धोक्याचं आहे.

टोमॅटोच का, तर तो सीमेवर बसलेला आहे. कॅनिंगमध्ये सगळा हिशेब पीएच ४.६ या आकड्याभोवती फिरतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप: आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. ज्याचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी, तो पदार्थ आम्लीय. त्याची भरलेली बरणी उकळत्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवली की काम झालं. त्याहून जास्त पीएच असला, म्हणजे शेंगा, मका, गाजर, मांस वगैरे, की क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू आडवे येतात. हे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. बंद बरणीत हवा नसते, आम्ल पुरेसं नसतं. अशा जागी ते उगवतात आणि विष तयार करतात. ते विष डोळ्यांना दिसत नाही, आणि बरणीला वास येईलच असंही नाही. बीजाणू मारायला ११६ अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमान लागतं, ते फक्त दाबाखालच्या वाफेतच मिळतं. टोमॅटो जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे या ४.६ च्या कधी अलीकडे, कधी पलीकडे असतो. म्हणून टोमॅटोच्या बाबतीत लेखकाने काय केलंय यावरून त्याला मूळ गोष्ट कळली आहे की नाही ते समजतं.

तर त्या पानावर पहिली गोष्ट शोधायची ती आम्लाची. एक क्वार्ट बरणीला, म्हणजे ९४६ मिलिलिटरला, २ टेबलस्पून बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा टीस्पून सायट्रिक अ‍ॅसिड. पिंट बरणीला, म्हणजे ४७३ मिलिलिटरला, त्याच्या निम्मं. ‘बाटलीबंद’ हा शब्द मुद्दाम लिहिलेला असायला हवा. ताज्या लिंबाची आम्लता फळागणिक बदलते, बाटलीतल्या रसाची ठरावीक राखलेली असते. ‘चवीपुरतं लिंबू पिळा’ असं कुठे दिसलं तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. आंबट लागत असेल तर साखर घाला, पण आम्ल कमी करू नका, एवढं वाक्य त्याच पानावर सापडलं तर लेखक कामाचा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे नवख्या लेखकांची भंबेरी उडते. ठेचून, गरम करून भरलेल्या टोमॅटोला उकळत्या पाण्यात पिंटला ३५ मिनिटं आणि क्वार्टला ४५ मिनिटं लागतात. तेच टोमॅटो अख्खे, कच्चे, पाणी न घालता दाबून भरले तर ८५ मिनिटं, बरणी पिंट असो की क्वार्ट. बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला किती वेळ लागतो, त्यावर हे ठरतं. म्हणून चांगल्या पुस्तकात नुसतं ‘टोमॅटो, ४५ मिनिटं’ असं कधीच नसतं. कसा चिरला, गरम भरला की कच्चा, बरणी केवढी, आणि वर मोकळी जागा किती, हे चारही सांगून मगच वेळ येते.

त्यातही उंचीचा रकाना हवा. समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर वर गेलं की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. १,५०० मीटरवर राहणाऱ्या बाईच्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच खदखदत असतं. कितीही जाळ वाढवला तरी ते पुढे जाणार नाही. म्हणून वरचे ३५ आणि ४५ हे आकडे १,००० फुटांपर्यंतचेच. ३,००० फुटांपर्यंत ४० आणि ५०, ६,००० फुटांपर्यंत ४५ आणि ५५, त्याच्याही वर ५० आणि ६०. प्रेशर कॅनरला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत बरण्या तापवायच्या मोठ्या भांड्याला, वेळ तीच राहते, दाब वाढतो: वजनाची शिट्टी असलेल्याला १,००० फुटांपर्यंत १० पौंड आणि त्यावर १५. काट्याने दाब दाखवणाऱ्या डायलवाल्याला सुरुवातच ११ पौंडांनी होते. तुम्ही अगदी समुद्रकाठी राहत असलात तरी हा रकाना पुस्तकात आहे का ते बघा, कारण तो नसला तर आकडे कुठून उचलले याचा भरवसा नाही.

मोकळ्या जागेचं थोडक्यात सांगते. जॅमला पाव इंच, फळांना आणि टोमॅटोला अर्धा इंच, दाबाखाली करायच्या भाज्यांना एक इंच. पुस्तकात सगळ्यालाच ‘थोडी जागा सोडा’ असेल तर ते दिवाणखान्यात ठेवायचं पुस्तक समजा.

एकदा जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला कॅनिंगचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. कापडी बांधणी, सुटलेली पानं. टोमॅटोच्या पानावर आम्लाचा उल्लेखच नव्हता. पण समासात कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: ‘लिं. रस २ मोठे’, आणि छापलेल्या वेळेवर काट मारून शेजारी नवी वेळ. खाली दुसऱ्या शाईत ‘मेण नको’. जिचं कोणाचं ते पुस्तक होतं, तिने नवी माहिती मिळेल तशी स्वतःच ते सुधारत नेलं होतं. पुस्तक मी घेतलं, पण त्यातून काही करायला नाही. बाकीच्या पानांवर पेन्सिल फिरलेली नव्हती.

जुनी पुस्तकं भेट मिळतात, आजीची म्हणून जपली जातात, त्याला माझी ना नाही. पण त्यांच्यातल्या काही रीती आज सरळ बाद आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. जॅमवर वितळलेल्या मेणाचा थर ओतणं. गरम पदार्थ भरून, झाकण लावून बरणी नुसती उलटी ठेवणं. भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, बरण्या तापवणं. पातेल्यात शिजवून बरणीत ओतलं आणि झाकण घट्ट केलं की संपलं, पुढे उकळणं नाही. आणि रसायनाच्या माणसाला हसावं की रडावं कळत नाही असा एक प्रकार: बरणीत अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकणं. यातलं काहीही ‘हमखास उपाय’ म्हणून दिसलं, तर पुस्तक नवं कोरं असलं तरी ते जुन्यातून उतरवून काढलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

मग खात्रीचं काय? अमेरिकेच्या कृषी खात्याने, म्हणजे यूएसडीएने, घरगुती कॅनिंगची एक संपूर्ण मार्गदर्शिका १९८८ मध्ये काढली आणि नंतर ती वेळोवेळी सुधारली. २०१५ ची आवृत्ती इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते. जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्नसंरक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथेही तपासलेल्या कृती मिळतात. मी ही मार्गदर्शिका मोजपट्टी म्हणून वापरते. दुकानात एखादं पुस्तक आवडलं तर त्यातल्या दोन-तीन कृती फोनवर हिच्याशी ताडून बघायच्या. आकडे जुळले, किंवा वेगळे असले तरी ते का वेगळे आहेत हे लेखकाने सांगितलं असलं, तर पुढे जायचं. मार्गदर्शिका फुकट असताना पुस्तकाला पैसे का मोजायचे, असंही मला विचारतात. तिच्यात चव नाही, हे त्याचं खरं उत्तर. ती सरकारी खात्याच्या परिपत्रकासारखीच वाचावी लागते, आणि फळ हातात घेऊन बसलेल्या माणसाला आज संध्याकाळी याचं काय करू ते ती सांगत नाही. त्यासाठी पुस्तक हवं.

लेखकाची ओळख वाचा. गृहविज्ञान, अन्नतंत्रज्ञान, कृषी विस्तार असल्या कुठल्या कामातून आलेला माणूस आहे, की कृती ‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अशीच करतात’ एवढ्यावर उभ्या आहेत? घरच्या रीतीने कोणाला काही झालं नाही, हा पुरावा होत नाही. बॉट्युलिझम, म्हणजे त्या जीवाणूच्या विषाने होणारा आजार, क्वचितच होतो, पण झाला तर माणूस दगावू शकतो. लेखक स्वतः शास्त्रज्ञ नसला तरी बिघडत नाही, पण वेळा कुठून घेतल्या ते त्याने लिहिलेलं असावं. ‘तपासलेली कृती’ म्हणजे चाखून बघितलेली नव्हे, पीएच आणि बरणीच्या आतलं तापमान मोजून ठरवलेली. पुष्कळ पुस्तकांत हा शब्द सैल वापरलेला असतो.

आता तुमच्या भांड्याकडे वळू. घरात फक्त मोठं पातेलं आणि तळाला ठेवायची जाळी असेल, तर तुम्हाला आम्लीय पदार्थांचं पुस्तक हवं: फळं, जॅम, व्हिनेगरमधली लोणची, आम्ल घातलेले टोमॅटो. यातच आयुष्यभर पुरेल एवढं आहे. दाबाच्या कृतींनी निम्मं भरलेलं पुस्तक अशा माणसाने घेतलं तर निम्मे पैसे वाया, शिवाय मोह. वाफेचा साधा, म्हणजे दाब नसलेला, कॅनर असेल तर तोही आम्लीय पदार्थांनाच चालतो, आणि ४५ मिनिटांपर्यंतच्याच कृतींना. तेवढ्यात त्यातलं पाणी आटू लागतं. म्हणजे वरचे ८५ मिनिटांचे अख्खे टोमॅटो त्यात करायचे नाहीत. हे बारकावे पुस्तकाने सांगायला हवेत.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रेशर कुकरचा. स्वयंपाकाचा कुकर म्हणजे प्रेशर कॅनर नव्हे. ज्यात निदान चार क्वार्ट बरण्या उभ्या मावतात, अशा भांड्यासाठी पुस्तकातल्या वेळा काढलेल्या असतात. लहान कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. त्या चढत्या-उतरत्या वेळात मिळणारी उष्णताही हिशेबात धरलेली असते, ती इथे कमी पडते. पिंट बरणीतल्या शेंगांना दाबाखाली २० मिनिटं लिहिलेली असतात. आपल्या कुकरमध्ये २० मिनिटं मोजली म्हणून त्या शेंगा सुरक्षित झाल्या असं होत नाही. जे पुस्तक ‘कुकर किंवा कॅनर, काहीही चालेल’ म्हणतं, ते मी कोणाला देणार नाही. प्रेशर कॅनरच्या प्रकरणात आणखी एक बघा: वजन ठेवण्याआधी १० मिनिटं वाफ मोकळी सोडायला सांगितलंय का? आत हवा अडकली तर दाब दिसतो तेवढाच, पण तापमान कमी राहतं.

जॅम-जेलीसाठी पुस्तक निवडणाऱ्याची परीक्षा वेगळी आहे, कारण तिथे धोक्यापेक्षा फजिती जास्त. पेक्टिन, म्हणजे जॅम धरायला लावणारा फळांतला पदार्थ, कुठलं, द्रव की पूड, हे स्पष्ट हवं. पूड साखरेच्या आधी फळात जाते, द्रव पेक्टिन साखरेसकट उकळी आल्यावर शेवटी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. साखर कमी हवी असेल तर त्यासाठीचं वेगळं पेक्टिन वापरणाऱ्या कृती पुस्तकात आहेत का ते पाहा. नेहमीच्या कृतीतली साखर निम्मी केली की जॅम धरत नाही, सरबतासारखं वाहतं. पेक्टिन न घालता आटवायच्या कृतीत ‘१०४.५ अंशांपर्यंत’ एवढंच लिहिलं असेल तर ते समुद्रसपाटीचं आहे. ‘तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्यावर ४.५ अंश’ असं लिहिणारा लेखक मला आवडतो. त्याने वाचणाऱ्याच्या हातात थर्मामीटर दिला. शिवाय भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यात घालायची पायरी जॅमलाही असते, आणि ती १० मिनिटांपेक्षा कमी असली तर रिकाम्या बरण्या आधी निर्जंतुक कराव्या लागतात. पुष्कळ सुंदर पुस्तकं ही पायरी गाळतात.

व्हिनेगरच्या लोणच्यांत ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर असा उल्लेख शोधा. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर ते तिथे चालत नाही. आंबवून करायच्या प्रकारांत मीठ हा सुरक्षिततेचा भाग आहे, तर दाबाखाली केलेल्या भाज्यांत ते फक्त चवीला असतं. पथ्यामुळे मीठ सोडलेल्या माणसाने हा फरक समजावणारं पुस्तकच घ्यावं. साखर टाळणाऱ्यांना एक बरी बातमी: फळं साध्या पाण्यात किंवा फळांच्याच रसात भरली तरी टिकतात, पाकाने फक्त रंग आणि पोत राखला जातो.

काय बदललं तर चालेल, हेही पुस्तकाने सांगावं. सुके मसाले कमी-जास्त करा, एका जातीच्या मिरचीऐवजी तेवढ्याच वजनाची दुसरी घ्या. पण कांदा, मिरची, लसूण यांचं एकूण प्रमाण वाढवू नका, कारण त्यांनी पीएच वर जातो. पीठ किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले रस्से, लोणी, मलई, तेलात बुडवलेला लसूण, भोपळ्याचा गर हे घरी बरणीबंद करायचे पदार्थ नाहीत. भोपळा दाबाखाली करायचा तर फोडीच. गराचा लगदा इतका दाट की उष्णता आत किती पोचते याचा भरवसा देता येत नाही. सूचीत ‘भोपळ्याचा गर’ दिसला आणि समोर वेळ छापलेली असली, तर मी पुस्तक मिटते.

मापांकडे कोणी लक्ष देत नाही, पण मला सवयच लागली आहे. अमेरिकन पिंट ४७३ मिलिलिटरची, ब्रिटिश पिंट ५६८ ची. बरणी मोठी झाली की वेळ बदलते, म्हणून पुस्तक कुठलं आणि बरणी कुठली, हे जुळायला हवं. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, इतर बहुतेक ठिकाणी १५ चा. पेक्टिनच्या कृतीत एवढा फरकही नडू शकतो. फळांचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं पुस्तक मिळालं तर तेच घ्या. ‘सहा मध्यम फळं’ म्हणजे किती, हे कोणालाच माहीत नसतं.

घरात दोन माणसं असतील तर लहान प्रमाणाच्या कृतींचं पुस्तक बघा. मोठ्या पुस्तकातली कृती निम्मी करता येते, पण बरणी तीच ठेवली तर वेळ निम्मी होत नाही. वेळ बरणीच्या आकारावर असते, संख्येवर नसते. उलट जॅमची कृती दुप्पट करायला जाऊ नका. मोठ्या पातेल्यात आटायला वेळ लागतो आणि पेक्टिन थकतं.

बांधणीबद्दल एवढंच की ओट्यावर सपाट उघडं राहणारं पुस्तक घ्या. तक्ते ठळक टाइपात हवेत, वाफेने चष्मा धुरकटला तरी वाचता येतील असे. कृती पान उलटून मागे जात असेल तर चिकट हाताने तुम्ही एक पायरी गाळणारच. ई-पुस्तकात शोधणं सोपं पडतं, पण लहान पडद्यावर मोठे तक्ते मोडतात. घेण्याआधी नमुन्याच्या पानांत एखादा तक्ता उघडून बघा. शेवटी अडचणींचं प्रकरण असावं: फळं वर का तरंगली, बरणीतलं पाणी कमी का झालं, लोणचं गढूळ का झालं. झाकण बसलं की नाही हे १२ ते २४ तासांनी कसं तपासायचं आणि नाही बसलं तर काय करायचं, हे तर हवंच हवं.

विकत घेण्याआधी ग्रंथालयातून आणून एक कृती करून बघितली तर उत्तम. एकाच वेळी दोन पुस्तकं मात्र उघडून ठेवू नका. एकीकडची कृती आणि दुसरीकडची वेळ अशी सरमिसळ नकळत होते. दोन पुस्तकांत एकाच पदार्थाच्या वेगळ्या वेळा दिसल्या, तर आधी बघा की दोघांची चिरण्याची आणि भरण्याची पद्धत, बरणीचा आकार आणि उंची एकच आहे का. बहुधा फरक तिथेच सापडतो. सगळं सारखं असूनही वेळ वेगळी असेल, तर सरासरी काढत बसायचं नाही. जिची वेळ कुठून आली ते लिहिलेलं आहे, तीच वेळ, त्याच पुस्तकातल्या कृतीसकट घ्यायची.